फाउंड्रीच्या शेडमधला ॲडॅप्टिव्ह लेझर इंटरफेरोमीटर: वापरानंतरचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेतील आमच्या कास्टिंग तपासणी विभागात गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर बीएसओ, म्हणजेच बिस्मथ सिलिकॉन ऑक्साइड, या स्फटिकावर चालणारा इंटरफेरोमीटर (दोन प्रकाशझोतांच्या मिलाफातून उमटणाऱ्या उजळ-काळोख्या पट्ट्यांवरून अतिसूक्ष्म हालचाल मोजणारे उपकरण) बसवला. आता उन्हाळा लागला असून त्याचे गुण आणि मर्यादा दोन्ही पुरते ध्यानात आले आहेत. मच्छे, काकती किंवा सीमेपलीकडे शिरोली, गोकुळ शिरगाव येथील जे कारखानदार असे उपकरण घेण्याच्या विचारात असतील, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आमचे मुख्य काम एसजी आयर्नचे, म्हणजे ग्राफाइट गोळ्यांच्या रूपात असलेल्या बिडाचे. त्यातील ग्राफाइटच्या गोळ्या नीट तयार झाल्या आहेत की नाहीत, हे अल्ट्रासाउंडच्या वेगावरून कळते. चांगल्या एसजी आयर्नमध्ये हा वेग सेकंदाला सुमारे 5600 मीटर असतो आणि ग्रे आयर्नमध्ये, म्हणजे ग्राफाइट पापुद्र्यांच्या रूपात असलेल्या बिडात, तो बराच खाली येतो. 25 मिलिमीटर जाडीच्या भिंतीतून लहर मागच्या बाजूवर आपटून परत यायला सुमारे 8.9 मायक्रोसेकंद लागतात. वेग 4600 वर उतरला, तर तोच प्रवास 10.9 मायक्रोसेकंदांचा होतो. हे पृष्ठभागाला टेकवायच्या साध्या प्रोबनेही मोजता येते आणि तो कितीतरी स्वस्त पडतो. परंतु प्रोबला जेल लागते, बऱ्यापैकी सपाट जागा लागते आणि तापलेल्या कास्टिंगला नेहमीचा प्रोब टेकवता येत नाही. आमच्याकडे एक पल्स लेझर पृष्ठभागावर लहर उठवतो, तर 532 नॅनोमीटरचा अखंड हिरवा लेझर तिच्यामुळे झालेली, नॅनोमीटरच्या घरातील थरथर टिपतो.

साधा इंटरफेरोमीटर या शेडमध्ये टिकलाच नसता. पृष्ठभाग अवघा 266 नॅनोमीटर पुढे सरकला, तरी व्यतिकरणाचा एक पूर्ण पट्टा बदलतो, आणि आमच्याकडे एका बाजूला नॉकआउटचे (साचा फोडून कास्टिंग मोकळे करण्याचे) दणके, तर दुसरीकडे तिसऱ्या रेल्वे गेटवरून जाणाऱ्या मालगाड्या! त्यातच खडबडीत बिडावरून परतणारा प्रकाश ठिपक्याठिपक्यांचा असतो आणि प्रत्येक ठिपक्याची कला (प्रकाशलहरीचा टप्पा) वेगळी. स्फटिकात हा प्रकाश संदर्भझोताला (त्याच लेझरच्या, कास्टिंगवर न गेलेल्या भागाला) भेटतो, तेव्हा उजळ पट्ट्यांतून सुटलेले विद्युतभार काळोख्या पट्ट्यांत अडकतात, त्यांच्या क्षेत्रामुळे अपवर्तनांक बदलतो आणि अशा रीतीने तयार झालेली जाळी संदर्भझोताचा काही भाग परतलेल्या प्रकाशाच्याच आकारात वळवते. ही जाळी नव्याने लिहिली जाण्यास थोडा वेळ लागतो. त्याहून सावकाश होणारे बदल ती पचवते, तर अल्ट्रासाउंड तिला गाठता येत नसल्याने सिग्नल म्हणून पुढे जातो. (1966 मध्ये बेल लॅबमध्ये लिथियम निओबेटमध्ये हा परिणाम प्रथम आढळला, तेव्हा तो प्रकाशामुळे स्फटिकात होणारा बिघाड समजला गेला होता.)

याच गुणामुळे सावकाश घडणारे काहीही हे उपकरण मोजू शकत नाही. शेजारच्या एका मशीनशॉपला स्पिंडल तापून किती वाढतो ते पाहायचे होते. त्यांना सरळ नाही सांगावे लागले, कारण ती वाढ जाळी जागच्या जागी पुसून टाकते. जाळीचा वेग प्रकाशाच्या तीव्रतेवर ठरतो. त्यामुळे लेझरची शक्ती कमी केली, तर सावकाश कंपनेही सिग्नलमध्ये शिरतात; मात्र त्यांच्याबरोबर शेडचा गोंगाटही येतो. कास्टिंग वेगाने सरकत असेल, तर जाळीला ठिपक्यांचा पाठलाग जमत नाही आणि सिग्नल विरतो. म्हणून आम्ही प्रत्येक जागी थांबूनच मोजतो.

खरा त्रास पावसाळ्याने दिला. आमच्या स्फटिकावर सुमारे 3 किलोव्होल्ट दाब असतो, आणि जुलैच्या ओलसर हवेत त्याच्या कडांवरून विद्युतप्रवाह झिरपू लागल्याने सिग्नल कधी मंद, तर कधी करकरत येई. विक्रेत्याने दोष आमच्या अर्थिंगवर ढकलला. अखेर स्फटिकाभोवती बंद डबी बसवून तीत सिलिका जेल ठेवले, तेव्हा कुठे सिग्नल स्थिरावला. ही डबी मुळातच उपकरणाबरोबर यायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे.

माहितीपुस्तिका केवळ इंग्रजीत असल्याने सुरक्षेच्या सूचना मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत लिहून भिंतीवर लावल्या आहेत. त्यांत चष्म्याची सूचना सर्वांत वर आहे: लहर उठवणारा पल्स लेझर 1064 नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा आहे, त्यामुळे केवळ हिरवा प्रकाश अडवणारा चष्मा चालत नाही, दोन्ही तरंगलांबी अडवणाराच घ्यावा लागतो.