डोंगराला जाताना: गाडीभर सामान की एकच पिशवी?

मार्गशीर्ष लागला की आमच्या बेळगाव भागात घरोघरी एकच विषय: यंदा डोंगराला कसं जायचं? सौंदत्तीचा डोंगर असं कुणी म्हणत नाही. डोंगर म्हटलं की तो यल्लम्माचाच. मार्गशीर्ष, पौष आणि माघ या तिन्ही पौर्णिमांना तिथं पाय ठेवायला जागा नसते. बेळगावहून अंतर पाऊणशे-ऐंशी किलोमीटर. त्यामुळे सामान भरायचे दोनच प्रकार उरतात. भावकी मिळून ट्रॅक्टर किंवा टेम्पो करायचा आणि दोन-तीन रात्री राहुटी ठोकून राहायचं, नाहीतर पाठीला एक पिशवी लावून बस धरायची.

माझ्या मते दिवस किती हे मोजू नका. आधी एवढंच ठरवा: तिथं पडल्या, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या परड्या, भरायच्या आहेत का?

भरायच्या असतील तर नैवेद्य तिथंच शिजवावा लागतो, आणि मग संसारच हलवावा लागतो. ताडपत्री, बांबू, दोर. दोन मोठी पातेली, परात, पोळपाट-लाटणं, तवा. जळण घरचंच न्या, डोंगरावर विकत मिळतं पण यात्रेच्या भावात. पुरण घरी शिजवून नेलं तर दुसऱ्या दिवशी उन्हात ते आंबतं. डाळ-गूळ कोरडा नेऊन तिथंच शिजवलेला बरा. पाण्याचं सगळ्यात अवघड. आमच्या गाडीत दोनशे लिटरचं एक पिंप भांड्यांसाठी असतं आणि पिण्याचे कॅन वेगळे. बैलगाडी असेल तर कडब्याच्या पेंढ्यांनी निम्मी जागा खाल्लीच म्हणून समजा.

या सगळ्यात एक गोष्ट कुणी यादीत लिहीत नाही: सामानाजवळ बसायला माणूस. एवढा पसारा मांडला की कुणीतरी एक बांधला जातो, आणि तो सहसा घरातली धाकटी सून असते किंवा गुडघे दुखणारी आत्या. आमच्या घरात एका वर्षी आत्या तीन दिवस राहुटीत बसून परत आली. ‘कळस दिसला की गं’ म्हणाली. तेव्हापासून पाळी लावतो आणि गाडीतल्या पुरुषांनाही त्यात धरतो. हे घरातून निघायच्या आधी ठरत नसेल, तर गाडीचा बेत सोडून द्या.

पडल्या घरी येऊन भरणार असाल किंवा नुसतं दर्शन असेल, तर एक पिशवी पुरते. बसला रॉकेल, स्टोव्ह, सिलिंडर चालत नाही, त्यामुळे मोह आपोआप टळतो. खायला धपाटे, शेंगाची चटणी, चिरमुरे आणि गोकाकचा करदंट, म्हणजे डिंक-सुक्यामेव्याची मिठाई. यातलं काहीही दोन दिवस बिघडत नाही. कर्नाटकातल्या बायकांना ११ जून २०२३ पासून राज्याच्या साध्या बसचा प्रवास मोफत आहे, पण कर्नाटकचा पत्ता असलेलं ओळखपत्र दाखवावं लागतं. ते पिशवीच्या तळाशी नको, हाताशी ठेवा. गडहिंग्लजला दिलेली बहीण सोबत असेल तर तिच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढा. तिच्या आधारवर पत्ता महाराष्ट्राचा, आणि तिकडची अर्ध्या तिकिटाची सवलत हद्दीपलीकडच्या बसला लागू नाही. सीमाभागातल्या घरांत एकाच सीटवरच्या दोघींची दोन राज्यं असतात, त्याला काय करणार!

पिशवीवाल्यांची ठरलेली चूक म्हणजे पांघरूण न नेणं. ‘रात्री घरीच येणार’ म्हणत निघतात आणि परतीच्या बसला गर्दी इतकी, की पहाट तिथंच होते. दुपारी डोकं तापवणारं ऊन आणि रात्री त्या उघड्या माळावर हाडं गोठवणारा वारा, दोन्ही एकाच दिवसात. डोंगराखालच्या जोगुळभावीच्या कुंडात अंघोळ करून ओल्या केसांनी वर चढणाऱ्याला तर आणखी. एक सोलापुरी चादर आणि कानटोपी एवढं तरी न्याच. गाडीवाल्यांकडे घोंगड्या असतात, त्यांची ही काळजी मिटलेली.

भंडाऱ्यापासून मात्र दोघांचीही सुटका नाही. ‘उदं गं आई उदं’ झालं की वरून मुठीच्या मुठी येतात. जुने कपडे घाला आणि मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, नाहीतर हळद चार्जिंगच्या भोकात जाऊन बसते. घरी आल्यावर कपड्यांना लगेच साबण लावू नका, पिवळा डाग लालभडक होतो. आधी नुसत्या पाण्यातून काढून कडक उन्हात टाका. उन्हानं हळद उडते.

फोनचा भरवसा धरू नका. गर्दीत लागत नाही. चुकलो तर भेटायची जागा आधी ठरवा. मुलांच्या खिशात नाव, गाव आणि नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा, मराठीसोबत कन्नडमध्येही. वरचे पोलीस आणि स्वयंसेवक बहुतेक कन्नडच वाचतात. दागिने घरी. चपला जुन्या.

अर्धं-अर्धं करणारेही पाहिलेत. बसनं जातात आणि सोबत पातेलं, शेगडी, तांदळाचं गाठोडं. वर पोचेपर्यंत हात भरून येतात, शेगडीला कोळसा मिळत नाही, आणि रांगेत उभं राहताना पातेलं कुणाकडे द्यायचं हा प्रश्न उरतोच. यंदा पडल्या नसतील तर पातेलं माळ्यावरून खाली काढूच नका.