गॅस भरल्याचे ४,८०० रुपये घेतले, नळी मात्र कापलीच नव्हती

माझे बाबा डोंबिवलीत वन रूम किचनमध्ये एकटे राहतात. आई गेल्यावर मोठा फ्रिज काढून टाकला आणि ओट्याच्या टोकाला मावेल असा ९५ लिटरचा, एका दाराचा घेतला. एका माणसाचं दूध, दोन भाज्या आणि बाबांचं इन्सुलिन, एवढंच त्यात असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत राहावं लागतं, म्हणून घेताना बिनकॉम्प्रेसरचे छोटे डबे मी आधीच बाजूला केले. खोलीत ३५-३६ अंश झाले की ते पुरेसे गार होत नाहीत. आमच्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरवर पाच वर्षांची वॉरंटी होती. ही गोष्ट ऐन वेळी कुणाला आठवली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बाबांनी तो फ्रिज मनापासून जपला. एक रविवार आड थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबून बर्फ वितळवायचे, ट्रे ओतायचे, दाराचं रबर ओल्या फडक्याने पुसायचे. मागे भिंतीपासून वीतभर जागा कायम मोकळी.

गेल्या मे महिन्यात एका सकाळी दूध नासलं. फ्रिजमधून थोडी घरघर यायची, मग ‘टक्’ आणि पुन्हा शांत. दर काही मिनिटांनी हेच. इन्सुलिनच्या काळजीने बाबांनी मोबाइलवर कंपनीचं नाव टाकून सर्व्हिस सेंटर शोधलं आणि सगळ्यात वर आलेल्या नंबरावर फोन केला. त्या नंबराशेजारी बारीक अक्षरात ‘प्रायोजित’, म्हणजे जाहिरात, असं लिहिलेलं असतं, ते त्यांच्या नजरेत कसं यावं?

तासाभरात एक तरुण आला. अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट. फ्रिज उघडून त्याचा पहिला प्रश्न, “काका, बर्फ सुरीने खरवडलात ना?” बाबा नाही म्हणाले. तो म्हणाला, “खरवडलाच असणार. भोक पडून गॅस गेलाय, त्यात कॉम्प्रेसरही बसला.” छोट्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याच्या पत्र्यातूनच गॅस फिरतो, सुरी लागली तर खरंच भोक पडतं. तो बोलत होता ते शास्त्र खरं होतं, फक्त आमच्या फ्रिजला काही झालेलं नव्हतं. वीस मिनिटांत काम उरकलं, ४,८०० रुपये यूपीआयने गेले. बिलावर लिहिलं होतं, ‘गॅस १३४ए, कॉम्प्रेसर सर्व्हिस’. मला फोनवर बाबा एवढंच म्हणाले, “माझ्याच हातून काहीतरी झालं असेल गं.”

तीन आठवड्यांनी पुन्हा तीच घरघर, तोच ‘टक्’. त्या शनिवारी मी गेले आणि गल्लीतल्या जुन्या मेकॅनिककाकांना बोलावलं. त्यांनी फ्रिज पुढे ओढला, मागे बॅटरी मारली आणि मला खाली बसायला सांगितलं. मागच्या पट्टीवर छापलं होतं: आर-६००ए, २६ ग्रॅम. बिलावरचा गॅसच वेगळा! मग त्यांनी कॉम्प्रेसरची चार्जिंगची नळी दाखवली. तिच्यावर कारखान्याचा काळा रंग जसाच्या तसा होता, चिमटून बंद केलेलं टोकही तसंच. गॅस भरायचा तर ही नळी कापावी लागते, पंप लावून आतली हवा काढावी लागते, पुन्हा झाळावी लागते. वीस मिनिटांत ते होतच नाही. शेवटी त्यांनी कॉम्प्रेसरच्या बाजूचा रिले, म्हणजे तो सुरू करून देणारा छोटा भाग, काढून माझ्या कानाशी हलवला. आत तुटलेला तुकडा खुळखुळत होता. त्या तरुणाने जुनाच रिले बसवून दिला होता. नवा रिले, ओव्हरलोड (कॉम्प्रेसर जास्त तापला की वीज तोडणारा भाग) आणि मजुरी मिळून ४५० रुपये झाले.

बाबा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, “म्हणजे मी काही केलं नव्हतं ना?” पैशांपेक्षा मला हे जास्त लागलं. त्या तीन आठवड्यांत त्यांनी बर्फ काढायला फ्रिजला हातसुद्धा लावला नव्हता.

तुमच्या घरी म्हातारी माणसं असतील तर कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या आणि आजच फ्रिजच्या बाजूला चिकटवा. कुणी गॅस गेला म्हणालं तर आधी मागच्या पट्टीवरचं गॅसचं नाव आणि वजन वाचा, चार्जिंगच्या नळीचा फोटो काढून ठेवा, काढलेला पार्ट परत मागा. ६००ए पेट घेणारा गॅस आहे, तो भरताना खिडकी उघडी हवी आणि माणूस जाणकार हवा. पैसे गेले असतील तर त्याच दिवशी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला, फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. आम्ही तीन आठवड्यांनी केला. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही तक्रार नोंदवली आहे. त्या तरुणाला बोलावलेला नंबर आता बंद लागतो, पैसे अजून आलेले नाहीत.