स्टेलारिस: काही महिने खेळल्यावर, मुख्यतः नाक्यांबद्दल

स्टेलारिस हा अंतराळात साम्राज्य उभारायचा कॉम्प्युटर गेम. गेल्या आठवड्यात माझ्याहून कितीतरी मोठा शत्रूचा ताफा माझ्या एका स्टारबेसपाशी (ताऱ्याजवळच्या अंतराळ तळापाशी) अडकून पडला, तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचंच. ग्राफिक्स, प्रजाती, राज्यपद्धती हे तुम्ही ट्रेलरमध्ये पाहिलंच असेल. मला बोलायचंय हायपरलेनबद्दल, म्हणजे ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरावीक वाटांबद्दल.

२०१६ ला गेम आला तेव्हा प्रवासाचे तीन प्रकार होते: वार्प (वाटेविना थेट जवळच्या ताऱ्यावर), वर्महोल (बोगद्यासारख्या दारातून) आणि हायपरलेन. २०१८ च्या २.० अपडेटपासून सुरुवातीला सगळ्यांना हायपरलेनच. जुने खेळाडू अजून हळहळतात, पण माझ्या मते त्या बदलानेच गेममध्ये जीव आला. आम्हा सातारकरांना हे सांगावं लागत नाही. प्रतापगड ‘पार’ नावाच्या घाटावर नजर ठेवायला बांधला. अख्खी सरहद्द राखत बसायचं नसतं, खिंड धरायची.

स्टारबेसना मर्यादा आहे, ती ओलांडली की देखभालीचा खर्च चढतो. त्यामुळे कोणतं नाकं मजबूत करायचं याचा विचार करावाच लागतो, आणि खरी मजा तिथेच आहे. इनहिबिटर (शत्रूच्या ताफ्याला अडवणारं यंत्र) असलेल्या तळापाशी आलेला शत्रू पुढे सरकू शकत नाही. आला त्या वाटेने मागे फिरायचं किंवा तळ घ्यायचा. तिथल्या ग्रहावर इनहिबिटरवाला किल्ला असेल तर जमिनीवर सैन्यही उतरवावं लागतं. गेल्या आठवड्यातल्या त्या शत्रूने, म्हणजे माझ्या शेजारच्या साम्राज्याने, तळ पाडला, पण सैन्य आणलंच नव्हतं! ग्रहावर तोफा डागत बसला, तोवर माझा ताफा पोचला.

सुरुवातीला मी पाचपैकी पाच दिले असते. आता चार. पुढे जंप ड्राइव्ह (वाट सोडून लांब उडी मारणारं इंजिन) येतो आणि शत्रू नाक्यावरून थेट उडी मारतो. उडीनंतर काही काळ त्याचा मारा आणि वेग घटतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षं मिश्रधातू ओतून उभा केलेला तळ नुसता बघत राहतो, याचा मला मनापासून राग येतो.

लॅपटॉप जुना असेल तर १००० ताऱ्यांच्या नकाशाच्या वाटेला जाऊ नका, लोकसंख्या वाढली की गेममधले दिवस सरकत नाहीत. ४०० वर माझं छान चालतं.

सगळे डीएलसी (वेगळे विकत घ्यायचे जादा भाग) घ्यायचे तर मूळ गेमच्या कितीतरी पट पैसे जातात. मी त्यातला ‘युटोपिया’सुद्धा नको म्हणत होतो, पण सेलमध्ये घेतला आणि रिंगवर्ल्ड (ताऱ्याभोवतीचं राहण्याजोगं प्रचंड कडं) बांधल्यावर पैसे वसूल वाटले. बाकीचे सध्या नाहीत.

नवीन खेळ सुरू करताना हायपरलेनची घनता मात्र कमी ठेवा. नाकी जास्त मिळतात.