सूत्र की ‘एका एमएलमध्ये किती’? डोस काढण्याच्या दोन पद्धती

वॉर्डात नव्याने रुजू झालेली मुलं-मुली पहिल्या आठवड्यातच विचारतात, “ब्रदर, डोस काढायला सूत्र धरू की एकमान?” एकमान म्हणजे आधी एका एमएलमध्ये औषध किती ते काढायचं, मग हव्या डोसला किती एमएल लागतील ते. दोन्हींनी उत्तर एकच येतं, हे त्यांनाही माहीत असतं. पण पहाटे साडेतीनला, दोन रात्री सलग झालेल्या असताना, ट्रेमध्ये चार व्हायल उघडून ठेवलेल्या असताना कुठली पद्धत कमी दगा देते, हे त्यांना हवं असतं. मी सहा वर्षं सूत्रावर काढली. आता एकमानावर आहे.

सूत्राचं श्रेय आधी देतो. हवा असलेला डोस भागिले हातातला डोस, गुणिले तो हातातला डोस जितक्या एमएलमध्ये आहे ते एमएल. एका ओळीत काम होतं, परीक्षेत वेळ वाचतो. डिगॉक्सिनची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी आहे, ऑर्डर ०.१२५ ची आहे, तर अर्धी गोळी. इथे एकमान घेऊन बसायचं कारणच नाही. २२८.५ मिलिग्रॅम प्रति ५ एमएल असलं अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हचं सिरप असेल, तर एका एमएलला ४५.७ असा वाकडा आकडा येतो. तिथेही सूत्रच बरं.

माझं बिनसलं ते सूत्रातल्या त्या तिसऱ्या आकड्यावर. गोळी असली की तो एक. हेपरिन ५००० युनिट प्रति एमएल असलं की तोही एक. दिवसातून दहा वेळा एकाने गुणायचं म्हटल्यावर हात तो आकडा लिहायचाच सोडतो. आणि ज्या दिवशी तो एक नसतो, त्या दिवशीही उत्तर तितकंच साजरं दिसतं. कागदावर ०.४८ आलं, तर ते बरोबर की चूक, हे त्या आकड्याकडे बघून कळत नाही.

हे मी बालरोग वॉर्डात असताना अनुभवलं. आठ किलोचं बाळ, अमिकॅसिन १२० मिलिग्रॅमची ऑर्डर. व्हायल ५०० मिलिग्रॅम, २ एमएलची. मी ती आधी १० सीसीच्या, म्हणजे १० एमएलच्या, सिरिंजमध्ये घेतली, सलाइन घालून पूर्ण १० एमएल केली आणि मग कागदावर मांडलं: १२० भागिले ५००, गुणिले २. हे २ व्हायलच्या लेबलवरचे होते. औषध मात्र आता १० एमएलमध्ये पसरलं होतं. बाळासाठी ०.४८ एमएल काढायला मी छोटी सिरिंज लावलीही होती.

शेजारी सीनियर सिस्टर दुसरी ट्रे लावत होत्या. त्यांनी हिशोब विचारला नाही. एवढंच म्हणाल्या, “आता ह्या सिरिंजमध्ये एका एमएलला किती आहे रे?” मला लगेच सांगता येईना. “सांगता येत नसेल तर देऊ नकोस. आधी ते काढ.” काढलं. ५०० भागिले १०, म्हणजे ५०. बाळाला हवे होते १२०, म्हणजे २.४ एमएल. मी भरत होतो त्यात जेमतेम २४ मिलिग्रॅम गेलं असतं. अंगात इन्फेक्शन असलेल्या बाळाला पाचवा हिस्सा अँटिबायोटिक. त्या रात्री नंतर मी प्रत्येक डोस दोनदा काढला.

सूत्र नीट वापरलं असतं तर चूक झाली नसती, हे खरं आहे. पण ‘एका एमएलमध्ये किती’ या प्रश्नाचं उत्तर आत्ता हातात जे आहे त्याकडे बघूनच द्यावं लागतं, लेबल आठवून चालत नाही. अमिकॅसिनचीच दुसरी व्हायल १०० मिलिग्रॅमची येते, तीही २ एमएलची. एकमानाने एकीत २५० आणि दुसरीत ५० असं तोंडाने म्हटलं की फरक कानावर पडतो.

आयसीयूत गेल्यावर माझं मत आणखी पक्कं झालं. डोपामिन २०० मिलिग्रॅमचं ५ एमएलचं अ‍ॅम्प्यूल, एकूण ५० एमएल केलं की एका एमएलला ४ मिलिग्रॅम. साठ किलोचा पेशंट, ५ मायक्रोग्रॅम प्रति किलो प्रति मिनिट. मिनिटाला ३०० मायक्रोग्रॅम, तासाला १८,०००, म्हणजे १८ मिलिग्रॅम. पंपावर तासाला ४.५ एमएल. याला सूत्र वेगळं पाठ करावं लागतं, त्यात मिनिटांचे ६० कुठे आणि मायक्रोग्रॅमचे १००० कुठे हे ऐन वेळी आठवावं लागतं. एकमानात प्रश्न तोच राहतो, एक-दोन पायऱ्या वाढतात एवढंच. प्रत्येक आकड्यापुढे एकक मात्र लिहा.

इन्सुलिनला यातलं काहीच लावू नका. एमएलला ४० युनिट असलेल्या व्हायलला ४० चीच सिरिंज, लाल टोपणाची. १०० च्या व्हायलला नारिंगी टोपणाची. रेघा युनिटच्याच असतात.

ज्यांचा हात सूत्रावर बसलाय आणि जे तिसरा आकडा दर वेळी लिहितात, त्यांनी बदलावंच असं मी म्हणणार नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने विचारलं तर मी एकमान सांगतो. दुसऱ्याकडून तपासून घेतानाही ते सोपं पडतं: सूत्राचा कागद त्याला पुन्हा सोडवावा लागतो, ‘एका एमएलला पन्नास’ हे सिरिंज बघून सांगता येतं. म्हणून माझ्या ड्यूटीला डायल्यूट केलेल्या प्रत्येक सिरिंजवर चिकटपट्टी असते. तिच्यावर औषधाचं नाव, वेळ, आणि एका एमएलमध्ये किती.