फॅमिली प्लॅनचं बिल: त्याच कंपनीशी घासाघीस की सरळ पोर्ट?

आधी मागची 3 बिलं काढा. कोणत्या नंबरवर किती डेटा खर्च झाला, हँडसेटचे किती हप्ते उरलेत, आणि फोनचा विमा, ओटीटी, रोमिंग पॅक असं काय काय मागाहून चिकटलंय, ते लिहून घ्या. चिकटलेल्या गोष्टींसाठी घासाघीस लागतच नाही. त्या बहुतेकदा अ‍ॅपमधूनच बंद होतात.

पुढचा निर्णय हप्त्यांवर. फोनवरची सूट अनेकदा दरमहा क्रेडिट म्हणून बिलात वळती होते. 24 पैकी 10 हप्ते भरून पोर्ट केलं, म्हणजे तोच नंबर दुसऱ्या कंपनीकडे हलवला, तर सहसा उरलेली रक्कम एकदम भरावी लागते आणि 14 महिन्यांचं क्रेडिट बुडतं. फोन त्याच कंपनीच्या सिमपुरता लॉक असेल तर दुसरं सिम चालणारही नाही. अशा वेळी घासाघीसच बरी.

कस्टमर केअरमध्ये पहिला फोन उचलणाऱ्याला दर कमी करण्याचे अधिकार क्वचितच असतात. मेनूत ‘सेवा बंद करणे’ निवडा किंवा रिटेन्शन विभाग (सोडून जाणाऱ्या ग्राहकांना थांबवणारा) मागा. सगळ्या नंबरांचं मिळून दुसरी कंपनी किती घेते तो आकडा सांगा, ‘तुम्ही किती कमी कराल?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. ‘बंदच करून टाका’ असं मात्र रागातही म्हणू नका, कारण ते खरंच बंद करतात. बिल कमी करण्याऐवजी जादा डेटा देऊ करतील. वापरच कमी असेल तर त्याचा उपयोग शून्य. सूट किती महिने, सगळ्या नंबरांना की एकालाच, नवा करार सुरू होतो का, हे चॅटवर लेखी घ्या. आणि प्लॅन बदलायला सांगत असतील तर जपून: विक्रीतून काढलेला जुना प्लॅन सहसा परत मिळत नाही.

हप्ते संपले असतील तर पारडं पोर्टकडे झुकतं. 6 महिने 20 टक्के सूट म्हणजे वर्षाला जेमतेम 10 टक्के. दुसऱ्या कंपनीचा दरच 15 टक्क्यांनी कमी असेल तर घासाघीस हरली. मात्र दुसऱ्यांचे टॉवर भाड्याने वापरणाऱ्या स्वस्त कंपन्यांच्या ग्राहकांना गर्दीच्या वेळी बऱ्याचदा मागे ठेवलं जातं, म्हणून गर्दीत नेट रांगतं. हॉटस्पॉट आणि रोमिंगच्या अटीही वाचा. आधी एका फोनमध्ये नव्या कंपनीचं ई-सिम (कार्ड न घालता चालू होणारं सिम) महिनाभर वापरून पाहा, घरातल्या आतल्या खोलीतसुद्धा.

पोर्ट पूर्ण होईपर्यंत जुनी सेवा बंद करू नका. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही. सगळे नंबर एकाच दिवशी हलवू नका. बँकेचे ओटीपी काही तास अडकू शकतात, तेव्हा ते ज्या नंबरवर येतात तो शेवटी.

घासाघीस जमली तर पुढची 2 बिलं तपासा. बिलचक्राच्या मध्येच बदल झाला तर पहिल्या बिलात अर्धवट महिन्याचा हिशेब येतो, तो चूक समजू नका. दुसऱ्यातही सूट नसेल तर चॅटची प्रत पुढे करा.