सायटिका आणि कंबरदुखी: शस्त्रक्रियेविना कोणता उपाय, कोणासाठी आणि केव्हा

कंबरदुखीवरचे उपाय एकमेकांशी ताडून पाहण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते: दुखणे कमरेतच थांबते, की नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने गुडघ्याच्या खाली उतरते. पहिल्या प्रकारात बहुधा स्नायू, सांधे किंवा दोन मणक्यांमधल्या गादीची (डिस्कची) झीज यांचे मिश्रण असते आणि नेमके कारण बोट ठेवून दाखवता येत नाही. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे सायटिकामध्ये, मणक्यातून निघणाऱ्या शिरेवर (मज्जातंतूवर) बहुतेक वेळा सरकलेल्या गादीचा दाब किंवा त्यामुळे आलेली सूज असते. कमरेच्या खालच्या दोन गाद्या यात सर्वाधिक सापडतात. मुंग्या किंवा बधिरपणा पावलाच्या वरच्या भागात आणि अंगठ्याकडे असेल तर पाचवी कंबरशीर, आणि करंगळीच्या कडेला व तळव्यात असेल तर तिच्या खालची शीर, असा ढोबळ अंदाज डॉक्टर तपासणीच्या टेबलावरच बांधतात. दोन्ही पावलांची सारखी आग होत असेल, तर मात्र कमरेआधी मधुमेह आणि बी-१२ यांची तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी गोष्ट काळाची. साध्या कंबरदुखीचा जोर बहुतेकांच्या बाबतीत चार ते सहा आठवड्यांत ओसरतो. सायटिका अधिक चिवट असते, पण तिचाही कल सहा ते बारा आठवड्यांत सुधारण्याकडे असतो, कारण गादीचा बाहेर आलेला भाग शरीर पुष्कळदा स्वतःच शोषून घेते. याचा व्यावहारिक अर्थ असा, की पाचव्या आठवड्यात जो उपाय चालू असेल त्याला श्रेय मिळते, मग तो तेलाचा असो, यंत्राचा असो वा माळेचा. ओळखीच्या माणसाला कशाने गुण आला ही माहिती त्यामुळे निवडीसाठी फारशी उपयोगी पडत नाही.

एम.आर.आय.च्या अहवालाकडेही याच सावधपणाने पाहावे लागते. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखीचा त्रास नसलेल्या ९८ लोकांचे एम.आर.आय. काढले, तेव्हा त्यांपैकी ५२ टक्के लोकांच्या किमान एका गादीला फुगवटा आढळला. म्हणजे अहवालातील ‘बल्ज’ हा शब्द वाचून घाबरण्याचे कारण नाही. दुखणे सहा आठवड्यांनंतरही हटत नसेल, किंवा इंजेक्शन वा शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल, तेव्हा एम.आर.आय. कामाचा ठरतो. मुंबईत जवळपास प्रत्येक स्टेशनबाहेर स्कॅन सेंटर आहे ही सोय आहे, तो काढलाच पाहिजे याचे कारण नव्हे.

काही लक्षणांत मात्र तुलना करत बसायला वेळ नसतो. लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरचा ताबा जाणे, बैठकीच्या जागी बधिरपणा येणे, पावलातील शक्ती जाणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. ताप, वजन घटणे, रात्री अंथरुणात वाढणारे दुखणे किंवा पूर्वी झालेला कर्करोग हेही थांबण्याचे प्रकार नव्हेत. विशेषतः मुंबईत मणक्याचा क्षय ही दुर्मीळ कल्पना मानता येत नाही.

आडवे पडणे की हिंडते राहणे

इथे निकाल बराच स्पष्ट आहे. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात काही रुग्णांना दोन दिवस आणि काहींना सात दिवस झोपून राहण्यास सांगितले होते. दोन दिवसांच्या गटाचे कामाचे खाडे कमी झाले आणि बाकी कशातही ते मागे पडले नाहीत. त्यानंतरचा सल्ला उत्तरोत्तर हिंडते राहण्याकडेच झुकत गेला आहे. कळ असह्य असेल तर एखाददोन दिवस आडवे पडावे, गुडघ्यांखाली उशी घ्यावी, आणि मग घरातल्या घरात का होईना, चालायला लागावे.

मुंबईकरापुढचा प्रश्न विश्रांतीपेक्षा प्रवासाचा असतो. सायटिकाच्या रुग्णाला उभे राहण्यापेक्षा बसणे अधिक जड जाते, आणि त्यातही लोकलमधली चौथी सीट सर्वांत वाईट: अर्धे बूड बाकावर, अर्धे हवेत, एक पाय रेटून धरलेला आणि कंबर तिरपी. अशा वेळी ठाण्यापर्यंत कडीला धरून उभे राहणे पुष्कळांना सोसते. गर्दीची वेळ टाळता येत असेल, किंवा तीनचार आठवडे घरून काम मिळत असेल, तर ते कोणत्याही गोळीइतकेच मोलाचे आहे.

कमरेच्या पट्ट्याबद्दल दोनच वाक्ये पुरेत. तो दुखणे बरे करत नाही. खड्ड्यांतून रिक्षाने जाताना धीर वाटतो म्हणून तासभर लावायला हरकत नाही, पण दिवसभर तो बांधून बसणे टाळावे.

गोळ्या

शेकाची पिशवी आणि गोळी यांत निवड करायची झाली, तर साध्या कंबरदुखीत सुरुवात शेकापासून करावी. मधुमेहामुळे त्वचेची जाणीव कमी झालेल्यांनी तेवढे भाजण्यापासून जपावे. पॅरासिटामॉल निरुपद्रवी समजून घेतले जाते, पण २०१४ साली ऑस्ट्रेलियातील मोठ्या चाचणीत नव्या कंबरदुखीतून बरे होण्यास ते घेणाऱ्यांना साधारण १७ दिवस लागले आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांना १६. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अॅसिक्लोफेनॅक या सूजविरोधी गोळ्यांचा थोडा उपयोग होतो, मात्र ज्यांना पित्ताचा किंवा अल्सरचा त्रास, उच्च रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार किंवा हृदयरोग आहे त्यांनी त्या केमिस्टच्या काउंटरवरून परस्पर घेणे धोक्याचे आहे. त्यातच स्नायू सैल करणारे औषध मिसळलेली गोळी असेल तर झोप येते. ती घेऊन दुचाकी चालवू नये.

सायटिकासाठी सर्रास लिहून दिल्या जाणाऱ्या प्रीगॅबॅलिनविषयी अधिक स्पष्ट बोलायला हवे. २०१७ सालच्या चाचणीत सायटिकाच्या रुग्णांना त्याचा खोट्या गोळीपेक्षा अधिक फायदा झाला नाही, चक्कर मात्र जास्त आली. ब्रिटनच्या अधिकृत मार्गदर्शिकेत आता सायटिकासाठी हे औषध देऊ नये असेच म्हटले आहे. आधीपासून ते चालू असेल तर मनाने एकदम थांबवू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावे.

फिजिओथेरपी: यंत्र की व्यायाम

आपल्याकडे ‘फिजिओ चालू आहे’ असे म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा अर्थ असा असतो, की रुग्ण रोज अर्धा तास यंत्राच्या चकत्या लावून पडून राहतो. त्या चकत्यांतून मिळणारा आय.एफ.टी. किंवा टेन्सचा विद्युतप्रवाह आणि अल्ट्रासाउंड, यांनी त्या वेळेपुरते बरे वाटू शकते, परंतु टिकाऊ फायद्याचा पुरावा क्षीण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीविषयी काढलेल्या मार्गदर्शिकेत टेन्स, उपचारात्मक अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन (कमरेला ताण देणे) आणि कमरेचे पट्टे यांची शिफारस करू नये असे म्हटले आहे. व्यायामाचे पारडे याच्या तुलनेत बरेच जड आहे, आणि तो घरी करता येत असल्याने स्वस्तही पडतो.

चांगला फिजिओथेरपिस्ट ओळखण्याची एक खूण अशी, की तो पहिल्या भेटीत यंत्र लावण्याआधी हालचाली करून घेतो: टाचांवर चालायला लावतो, चवड्यांवर चालायला लावतो, पालथे झोपवून हातांवर छाती उचलायला सांगतो आणि विचारतो, की आता कळ कुठे आहे. पोटरीतली कळ मांडीपर्यंत, मग नितंबापर्यंत मागे सरकली, तर कमरेत क्षणभर वाढली तरी ते चांगले लक्षण मानतात आणि तीच हालचाल दिवसातून अनेकदा करायला देतात. उलट कळ खाली पावलाकडे पळत असेल तर ती हालचाल सोडून देतात. साठीच्या पुढच्या व्यक्तीला चालताना दोन्ही पायांत जडपणा येऊन बसल्यावर किंवा वाकल्यावर आराम पडत असेल, तर मणक्याची पोकळी अरुंद झालेली असू शकते. तिथे मागे वाकण्याचे व्यायाम त्रास वाढवतात आणि पुढे झुकण्याचे सोसतात. एकच छापील व्यायामतक्ता सर्वांना वाटणारा दवाखाना इथेच चुकतो.

कुठे जायचे याचा विचार करताना मुंबईत अंतर हा उपचाराचाच भाग धरावा. हाजी अलीजवळ केंद्र सरकारची १९५५ पासूनची भौतिक औषधोपचार व पुनर्वसन संस्था आहे, परळचे के.ई.एम., शीव आणि नायर या महापालिकेच्या रुग्णालयांतही फिजिओथेरपीचे विभाग आहेत आणि तिथला खर्च खाजगी दवाखान्याच्या मानाने नाममात्र असतो. पण डोंबिवलीहून रोज परळ गाठून रांगेत बसणे हे सायटिकाच्या पायाला परवडणारे नाही. निदान आणि व्यायाम मोठ्या रुग्णालयातून एकदा पक्के करून घ्यावेत आणि पुढचे घराजवळ, राज्य परिषदेकडे नोंदणी असलेल्या फिजिओथेरपिस्टकडे, आठवड्यातून एखादी भेट ठेवून चालवावे, हा मला सर्वांत व्यवहार्य मार्ग वाटतो.

दुखणे थांबल्यानंतर ते परत येऊ नये यासाठी चालणे पुरेसे असल्याचे दिसते. २०२४ सालच्या ऑस्ट्रेलियन अभ्यासात मार्गदर्शनाखाली टप्प्याटप्प्याने चालणे वाढवलेल्यांना पुन्हा कंबर धरेपर्यंतचा मध्यक काळ (निम्म्यांची कंबर ज्याच्या आत पुन्हा धरली तो) २०८ दिवस होता, तर काहीही न करणाऱ्यांचा ११२ दिवस.

योग की फिजिओ

जुनाट कंबरदुखीसाठी या दोहोंत आवडीनुसार निवड करण्यास हरकत नाही. २०१७ साली अमेरिकेत बारा आठवड्यांच्या योगवर्गाची फिजिओथेरपीशी तुलना झाली आणि योग उणा ठरला नाही. मात्र तो अभ्यास सायटिकाविषयी नव्हता. पायात कळ असताना पश्चिमोत्तानासन किंवा पादहस्तासन रेटणे म्हणजे आधीच ताणलेल्या शिरेला आणखी ओढणे होय; भुजंगासन पुष्कळांना मानवते, पण तेही वर सांगितलेल्या कळीच्या दिशेवरूनच ठरवावे. सांताक्रूझची १९१८ साली स्थापन झालेली योग संस्था किंवा अशाच जुन्या ठिकाणी दुखणे सांगून प्रवेश घेतला तर आसनांत बदल करून मिळतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या वर्गात पन्नास जणांमध्ये ते होत नाही.

कटिबस्ती, मालीश आणि मणका ‘बसवणे’

आयुर्वेदात सायटिकाशी जुळणारे वर्णन गृध्रसी या नावाने आहे, आणि कटिबस्ती हा त्यावरचा लोकप्रिय उपचार आहे: कमरेवर उडदाच्या पिठाची गोल पाळ बांधतात, तीत कोमट तेल ओततात आणि ते निवू लागले की बदलत राहतात. ऊब आणि स्वस्थ पडून राहणे यांमुळे आराम वाटतो, धोकाही कमी आहे. परंतु गादीवरचा दाब त्याने हटतो असे दाखवणाऱ्या मोठ्या, काटेकोर चाचण्या नाहीत. वरळीच्या पोदार आयुर्वेद रुग्णालयासारख्या सरकारी ठिकाणी तो घ्यावा आणि पोटात घ्यायच्या भस्मयुक्त औषधांबाबत वैद्यांना घटक विचारून घ्यावेत, कारण अशा काही औषधांत शिसे व पारा आढळलेला आहे.

हलक्या हाताने मालीश करून घेण्यास हरकत नाही. मणका कडकन वाजवून ‘बसवून’ देणाऱ्यांचे प्रकरण निराळे आहे. प्रशिक्षित हातांनी केलेल्या मॅनिप्युलेशनचा साध्या कंबरदुखीत थोडा उपयोग होतो, पण पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असताना, तसेच हाडे ठिसूळ असताना, हाडवैद्याला किंवा मोबाइलवर व्हिडिओ टाकणाऱ्या कोणालाही कमरेला झटका देऊ देऊ नये.

ताण देणारी यंत्रे

‘नॉन-सर्जिकल डीकॉम्प्रेशन’ या नावाने विकली जाणारी टेबले ही मुळात संगणक जोडलेली ट्रॅक्शनच आहेत, आणि ट्रॅक्शनबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे मत वर आलेच आहे. वीस किंवा तीस बैठकांचे पैसे आगाऊ मागितले जातात तेव्हा त्या बैठका संपेपर्यंत दीड-दोन महिने सहज निघून जातात, म्हणजे नेमका तेवढाच काळ ज्यात बहुतेकांची कळ आपोआप कमी होते. या तुलनेतील सर्वांत महाग आणि सर्वांत कमी आधार असलेला पर्याय हाच आहे.

इंजेक्शन, आणि वाट पाहण्याची मर्यादा

एपिड्युरल स्टेरॉइडचे इंजेक्शन एक्स-रेच्या मदतीने शिरेजवळ दिले जाते आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. ज्याला पायातल्या कळीमुळे रात्र-रात्र झोप नाही, त्याला यामुळे काही आठवड्यांचा आराम मिळू शकतो आणि तेवढ्यात व्यायाम सुरू करता येतो. सरासरी फायदा लहान असतो आणि दीर्घकाळात शस्त्रक्रिया टळतेच असे नाही. मधुमेहींची साखर नंतर काही दिवस चढते, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आधी थांबवाव्या लागू शकतात, आणि क्वचित संसर्ग किंवा शिरेला इजा होते. फक्त कंबर दुखत असेल तर हे इंजेक्शन घेऊ नये.

सहा ते आठ आठवड्यांनंतरही पायातली कळ तशीच असेल, तर नेदरलँड्समधील २००७ सालचा अभ्यास समोर ठेवावा. तीव्र सायटिकाच्या रुग्णांपैकी एका गटाची लवकर शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्याला थांबवून औषध-व्यायाम दिले. वर्षअखेर दोन्ही गटांतील ९५ टक्के रुग्ण बरे होते, मात्र शस्त्रक्रियेवाल्यांना आराम बराच लवकर पडला आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के जणांनी वर्षभरात शस्त्रक्रिया करून घेतलीच. घरून काम करता येणारी व्यक्ती या आकड्यांवरून थांबणे निवडू शकते. रिक्षा चालवणाऱ्याला किंवा चार घरची कामे करणाऱ्या बाईंना प्रत्येक महिन्याची मजुरी बुडते, आणि त्यांनी लवकर सर्जनचे मत घेणे तितकेच वाजवी आहे. ही शस्त्रक्रिया पायातल्या कळीसाठी असते. दुखणे कमरेपुरतेच असलेल्यांना तिच्यातून फारसे काही मिळत नाही, त्यामुळे व्यायामाला कंटाळून तिच्याकडे वळण्याचा प्रश्न त्यांच्यापुरता सहसा उरत नाही.