याक-५२ सोबतचे चौदा महिने : तेल, हवा आणि ७८ तास

याक-५२ विमानाच्या खरेदीच्या कागदांवर सह्या झाल्या आणि आधीच्या मालकांनी माझ्या हातात सगळ्यात आधी काय ठेवलं, तर इंजिनाचे स्पार्क प्लग काढायचा पाना आणि जुन्या कापडाची एक गुंडाळी. "हँगरमध्ये हे कायम हाताशी असू द्या," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ कळायला मला तीन आठवडे लागले.

आता चौदा महिने झालेत. लॉगबुकात ७८ तास उड्डाण आहे. जमिनीवर, हात काळे करून घालवलेले तास मी लिहून ठेवलेले नाहीत, पण एका तासाच्या उड्डाणामागे तीन तास धरले तर फार चुकणार नाही. हे विमान घ्यायचा विचार असेल तर पहिला प्रश्न पैशांचा किंवा कौशल्याचा विचारू नका. ते तीन तास तुम्हाला आवडतील का, हे विचारा. मला आवडतात, आणि म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसले आहे.

ज्यांना हे विमान माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. याकोवलेव्ह संस्थेने आखलेलं हे दोन आसनी प्रशिक्षण विमान १९७६ साली पहिल्यांदा उडालं आणि पुढे रुमानियातल्या बाकाउच्या कारखान्यात मोठ्या संख्येने तयार झालं. सोव्हिएत काळात दोसाफच्या, म्हणजे लष्कराला मदत करणाऱ्या स्वयंसेवी संघटनेच्या, उड्डाण क्लबांमध्ये नवशिक्यांना कसरती शिकवायला तेच असे. सोव्हिएत संघ मोडल्यावर यातली पुष्कळ विमानं खासगी हातांत गेली. नाकात बसवलेलं इंजिन म्हणजे एम-१४पी : ताऱ्याच्या आकारात मांडलेले नऊ सिलिंडर, १०.१६ लिटर, ३६० अश्वशक्ती. याच इंजिनावर याक-५० उडतं, याक-५५ उडतं, सुखोई-२६ सुद्धा उडतं. त्यामुळे इंजिनाची माहिती असलेली माणसं जगभर सापडतात, आणि तो मोठाच आधार आहे.

आता तो पाना. असं ताऱ्यासारखं, म्हणजे रेडियल इंजिन बंद उभं राहिलं की तेल झिरपत झिरपत सगळ्यात खालच्या सिलिंडरांत उतरतं. आपल्या नेहमीच्या गाड्यांची इंजिनं पाहिलेल्या माणसाला हे पटकन डोळ्यांपुढे येत नाही. खालचे सिलिंडर अक्षरशः उलटे टांगलेले असतात, डोकं जमिनीकडे. पिस्टनच्या बाजूने उतरलेलं तेल ज्वलनकक्षात साठतं. हवा दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. तशा स्थितीत इंजिन सुरू केलं तर पिस्टन त्या तेलावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. भीती पुढची आहे : वाकलेला रॉड त्याच दिवशी तुटेल असं नाही. इंजिन सुरू होतं, गुळगुळीत चालतं, आणि कित्येक तासांनंतर, हवेत, तुटतं.

म्हणून प्रत्येक दिवशी पहिल्या सुरुवातीआधी मॅग्नेटो (प्लगला ठिणगी पुरवणारं यंत्र) बंद असल्याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवायचा, समोरून जाणारं एकेक पातं मोजत. तिसऱ्या आठवड्यात, दहा दिवस उभ्या असलेल्या विमानाचं पाचवं पातं माझ्या हाताखाली थांबलं. धक्का नाही, आवाज नाही, नुसतं घट्ट. पहिला मोह होतो तो जोर लावायचा, आणि दुसरा उलटं फिरवायचा. दोन्ही करू नयेत. उलटं फिरवलं तर तेल इनटेकच्या, म्हणजे हवा-इंधन आत घेणाऱ्या नळीत ढकललं जातं, अडथळा गेल्यासारखा वाटतो, आणि इंजिन पेटताच तेच तेल पुन्हा सिलिंडरमध्ये खेचलं जातं. माझ्या मेकॅनिकना फोन केला. "आधी खालचे प्लग काढा, मग बोलू," ते म्हणाले. पाना लावला, प्लग सैल झाला आणि काळं तेल कोपरापर्यंत ओघळलं. कापडाची गुंडाळी कशासाठी, तेही तेव्हा कळलं. त्यानंतर एकदाही, घाई असो वा नसो, पाती न मोजता मी कॉकपिटमध्ये चढलेले नाही.

तेलाचं एवढं झालं. पण या विमानाचा खरा स्वभाव हवेत आहे. म्हणजे आकाशातल्या नव्हे, टाकीत दाबून भरलेल्या हवेत. याकमध्ये हायड्रॉलिक यंत्रणा नाही. चाकं वर-खाली हवेवर, फ्लॅप (पंखांमागच्या हलत्या पट्ट्या) हवेवर, ब्रेक हवेवर, आणि इंजिन सुरू होतं तेही हवेवर. विजेचा स्टार्टर नाहीच. मुख्य टाकी ११ लिटरची, आणीबाणीची ३ लिटरची, आणि दाब चौरस सेंटिमीटरला ५० किलोपर्यंत. बटण दाबलं की ही हवा वाटप-यंत्रातून एकेका सिलिंडरमध्ये पाळीपाळीने जाते आणि पिस्टन ढकलते. एक लांब सुस्कारा, पाती हलतात, मग एक सिलिंडर पेटतो, मग दुसरा, पांढऱ्या-निळ्या धुराचा ढग उठतो आणि नऊच्या नऊ एका तालात येतात. चौदा महिन्यांनंतरही त्या क्षणी माझा श्वास थोडा अडकतो.

याची दुसरी बाजू अशी की हवा गेली तर सगळंच गेलं. इंजिन बंद केल्यावर कॉकपिटमधला मुख्य हवेचा झडप-नॉब बंद करायचा असतो. तिसऱ्या महिन्यात एकदा मी विसरले. कुठल्यातरी जोडातून रात्रभर बारीक गळती होत राहिली आणि सकाळी काटा शून्यावर. इंजिनावरचा कॉम्प्रेसर टाकी भरतो खरा, पण इंजिन चालू असेल तरच. तेव्हापासून हँगरमध्ये पाण्यात बुडी मारणारे डायव्हर वापरतात तसा हवेचा एक सिलिंडर, दाब-नियंत्रक आणि नळी ठेवली आहे. डायव्हरांची हवा कोरडी असते, हा त्यातला मोठा फायदा. कॉम्प्रेसरच्या हवेसोबत ओलावा आणि तेलाची वाफ येतेच, ती गाळणीत साठते. उड्डाणानंतर तिथला निचरा उघडला की फेसाळ, पांढुरकं पाणी निघतं. हा निचरा टाळला तर नळ्या आतून गंजतात आणि थंडीत त्याच पाण्याचा बर्फ होऊन वाट अडते. दोन मिनिटांचं काम आहे. कंटाळा केला तर वर्षभराने त्याचं काय होतं, ते माझ्या विमानाच्या जुन्या नळ्यांत मी पाहिलं आहे.

गळती शोधणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे. साबणाचं पाणी, छोटा ब्रश, शांत हँगर. कान लावून बसायचं. पहिल्या वार्षिक तपासणीत एका कारखान्याने ब्रेकच्या वाटप-झडपेचा जोड नुसता हाताने घट्ट करून दिला होता, आणि तो शोधण्यात माझे दोन शनिवार गेले. रबरी रिंगा वयाने कडक होतात. एकेक बदलत बसण्यापेक्षा सगळ्या एकदम बदलाव्यात, असं माझं आता ठाम मत आहे.

ब्रेकबद्दल वेगळं सांगायला हवं. ब्रेकची पट्टी स्टिकवर, म्हणजे विमान चालवायच्या दांड्यावर असते, सायकलच्या ब्रेकसारखी. कुठल्या चाकाला ब्रेक लागणार ते रडरचे (शेपटीच्या सुकाणूचे) पेडल ठरवतात. नाकाचं चाक मोकळं फिरतं. म्हणजे डावीकडे वळायचं तर डावा पाय पुढे आणि बोटांनी हलकासा दाब. प्रत्येक दाबाला "फिस्स" आवाज आणि टाकीतून थोडी हवा कमी. पहिले काही दिवस मी इतके ब्रेक मारत असे की धावपट्टीच्या टोकाला पोचेपर्यंत काटा लक्षात येण्याइतका खाली यायचा. आता वळण आधीच ओळखून, थोडा वेग ठेवून, एकदाच दाबून वळते.

कॉकपिटमधली पाटी-पाटी रशियन लिपीत होती. ती मी तशीच ठेवली, फक्त खाली छोट्या चिठ्ठ्या लावल्या. वेग ताशी किलोमीटरमध्ये, उंची मीटरमध्ये, इंजिनाचे फेरे टक्क्यांत. नियंत्रण कक्ष फुटांत बोलतो आणि समोर मीटर, याची सवय व्हायला वेळ लागला. मिश्रणाचा दांडा मात्र नाहीच. कार्ब्युरेटर स्वतःच उंचीप्रमाणे इंधनाचं प्रमाण सांभाळतो. कसरतीच्या विमानात हातांना एक काम कमी असणं किती मोलाचं आहे, ते तिसऱ्या लूपमध्ये, म्हणजे हवेतल्या उभ्या गोल फेरीत, कळतं.

तापमानाचा मात्र सतत हिशेब. तेल ४० अंशांवर आणि सिलिंडरचं डोकं १२० वर आल्याशिवाय मी इंजिनाला जोर देत नाही. इंजिनापुढच्या झडपा उघड-मीट करून थंडावा सांभाळायचा. उतरताना झडपा मिटून, थोडा जोर ठेवून खाली यायचं, नाहीतर तापलेले सिलिंडर एकदम गार पडतात. लांब, निवांत उतार हा या इंजिनावरचा प्रेमाचा भाग आहे.

उड्डाणाकडे येते. कॉकपिटमधून पाहिलं तर हा प्रोपेलर घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. उलट दिशेने फिरणाऱ्या अमेरिकन इंजिनांवर शिकलेल्या माझ्या उजव्या पायाला वर्षानुवर्षांची सवय होती. पहिल्या उड्डाणात थ्रॉटल (इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा) पुढे केला, उजवा पाय आपोआप दाबला गेला आणि विमान आधीच उजवीकडे ओढत होतं. शेजारी नव्हे, मागच्या आसनावर प्रशिक्षक होते म्हणून निभावलं. एकट्याने उडवायचं तर पुढच्या आसनावरून. तोवर किमान दहा तास अनुभवी माणसासोबत काढा, हा माझा आग्रह आहे.

एकदा चाकं उचलली की विमान बदलतं. चाकं पूर्ण आत जात नाहीत, पोटाखाली आणि पंखांखाली बाहेरच राहतात. विद्यार्थी उतरताना चाकं खाली करायला विसरला तरी विमान फार मोडू नये, हा त्यामागचा विचार. दिसायला थोडं अवघड दिसतं, पण ज्यांनी हे विमान शिकवण्यासाठी आखलं त्यांना विद्यार्थी ठाऊक होते. लूप मी ताशी २८० ते ३०० च्या वेगाने सुरू करते. स्टिक हलवायला जड नाही, पण भरीव वाटते, प्रत्येक हालचालीचं उत्तर हातात परत येतं. मर्यादा अधिक ७ आणि उणे ५ जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या तितक्या पट भार. एवढ्या मर्यादेपर्यंत मी जात नाही, जायची गरजही पडलेली नाही. उलटं उडण्यासाठी ५.५ लिटरची छोटी टाकी आहे, तिच्यावर सुमारे दोन मिनिटं मिळतात. पंखांतल्या दोन टाक्या मिळून १२२ लिटर. कसरती करत असाल तर पाऊण तासाने परतीचा विचार सुरू करावा. इंजिनाची भूक मोठी आहे, तेलाचीही. माझं विमान तासाला अर्धा ते एक लिटर तेल खातं.

गिरकीबद्दल, म्हणजे विमान गरगरत खाली येतं त्या स्पिनबद्दल, गंभीरपणे लिहिते, कारण या विमानाने गिरकीत माणसं गमावली आहेत. स्पिनमध्ये याक सहज जातं आणि नेमक्या हालचालींनी सहज बाहेरही येतं : थ्रॉटल बंद, एलेरॉन (पंखांच्या कडेच्या, विमान कलवणाऱ्या पट्ट्या) मधोमध, विरुद्ध रडर पूर्ण, मग स्टिक पुढे. यातली एक जरी चुकली तर चित्र बदलतं. आठव्या महिन्यात मी थ्रॉटल पूर्ण मागे ओढलाय असं समजत होते, तो बोटभर पुढे होता. नाक वर उचललं गेलं, गिरकी सपाट होऊ लागली, बाहेर यायला दोन फेरे जास्त लागले. सुरुवात उंचावर केली होती, म्हणून वेळ होता. खाली उतरल्यावर अर्धा तास मी पंखावर बसून होते. त्यानंतर पुन्हा प्रशिक्षकांसोबत चार उड्डाणं फक्त स्पिनची केली.

दुसरी गोष्ट सुट्या वस्तूंची. आसनांमागची जागा उघडी आहे आणि नियंत्रणांचे दांडे, तारा तिथूनच जातात. एकदा उलटं उडताना कॅनोपीवर (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणावर) काहीतरी टणकन आदळलं. एक स्क्रू. कधीपासून तिथे होता कुणास ठाऊक. तोच स्क्रू दांड्याच्या सांध्यात अडकला असता तर? तेव्हापासून खिशांना चेन, पेनला दोरी, आणि कुठल्याही दुरुस्तीनंतर टॉर्च आणि आरसा घेऊन मी स्वतः शेपटीपर्यंत पाहते. हत्यारं मोजून आत, मोजून बाहेर.

कुणी घ्यायला निघालं असेल तर रंगाकडे शेवटी पाहा. पंखांच्या मुख्य तुळईचं मजबुतीकरण झालं आहे का, त्याचे कागद आधी मागा. मग रबरी नळ्यांवरच्या तारखा. मग इंजिनाचं लॉगबुक आणि ते गेल्या वर्षी किती उडालं. उभं राहिलेलं रेडियल इंजिन हे उडालेल्या इंजिनापेक्षा जास्त संशयास्पद. लाकडी प्रोपेलरच्या पात्यांवर नखाने टिचकी मारून थर सुटलेत का ऐका. शेवटी मालकांना सांगा की तुमच्यासमोर थंड इंजिन सुरू करा, आणि ते पाती मोजतात की नाही ते पाहा.

सध्या माझा कॉम्प्रेसर दुरुस्तीला गेलाय. गेल्या दोन महिन्यांत टाकी भरायला नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागत होता. उघडल्यावर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या निघाल्या. पुढच्या आठवड्यात परत येईल. तोवर मी वरचे-खालचे अठराही प्लग काढून स्वच्छ केलेत, व्हॉल्व्हचं अंतर तपासलंय, आणि रोज संध्याकाळी जाऊन प्रोपेलर हाताने फिरवून येते. कालही नऊ पाती मोजली. सगळी मोकळी.